ग्रेहॉकचं कोणतं साल खरं?

पत्र: आमचा सात जणांचा ग्रुप एक आड एक शनिवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन गोष्ट रचण्याचा खेळ खेळतो. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. नऊ वर्षं आमचं कॅम्पेन, म्हणजे सलग गोष्ट, ग्रेहॉकच्या काल्पनिक जगात, तिथल्या मोठ्या युद्धानंतरच्या काळात चाललं आणि त्या जगाच्या 594 साली संपलं. आता नवं सुरू करायचंय आणि ग्रुप फुटायची वेळ आली आहे. दोन नवे खेळाडू 2024 चं पुस्तक वाचून आलेत, त्यांना 576 साल हवंय. एक जुना मित्र म्हणतो, ग्रेहॉकचे जनक गायगॅक्स खेळाच्या कंपनीतून बाहेर पडल्यानंतरचं सगळं ग्रेहॉक खोटं. एक मैत्रीण म्हणते, 576 ला परत जायचं म्हणजे आमची नऊ वर्षं पुसायची. तिचं पात्र एक पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, स्टेरिच देशातली आहे, राक्षसांनी गाव जाळल्यावर तिने तलवार उचलली होती. दोघांनी ग्रुप सोडायची भाषा केली आहे. खरं साल कोणतं? या जगाला पुढे भवितव्य आहे का? आणि येत्या शनिवारी मी करू काय?
— एक डीएम

उत्तर:

नमस्कार.

आधी मैत्रिणीबद्दल, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तिची आहे. तिचं म्हणणं बरोबर आहे. नऊ वर्षं खेळून उभं केलेलं पात्र ‘आता हे घडलंच नाही’ म्हणून बाजूला सारलं, तर माणूस दुखावणारच. तरीही माझा सल्ला 576 चाच आहे. तो तिच्या नऊ वर्षांना धरून कसा पाळायचा, ते पुढे सांगतो.

खरं साल कोणतं, या प्रश्नाला छापील पुस्तकांत एक उत्तर नाही. का नाही, ते थोडक्यात सांगतो, म्हणजे टेबलावर कुणी पुस्तक उघडून दुसऱ्याला गप्प करू शकणार नाही. 1980 साली ग्रेहॉकचं पहिलं स्वतंत्र पुस्तक निघालं. 32 पानं आणि चित्रकार डार्लीनने काढलेला दोन मोठ्या भागांचा नकाशा, बस. 1983 च्या पेटीत मजकूर वाढला, देव वाढले, पण जग 576 सालावरच थांबलेलं होतं. गायगॅक्स 1986 मध्ये कंपनीतून बाहेर पडले. 1988 ला ग्रेहॉक किल्ल्याच्या नावावर निव्वळ विडंबनाचं पुस्तक निघालं आणि जुन्या चाहत्यांचा प्रकाशकावरचा विश्वास उडाला, तो अनेकांच्या बाबतीत परत बसलाच नाही. तुमच्या मित्राच्या रागाचं मूळ बहुधा तिथे आहे. मग 1991 ला त्या जगात मोठं युद्ध आलं, 1992 ला कार्ल सार्जंटने युद्धानंतरचं 585 साल मांडलं. 1998 ला 591 साल आलं आणि 2000 ला तिसऱ्या आवृत्तीनेही तेच धरलं. 2000 लाच सुरू झालेल्या संघटित मोहिमेत खऱ्या जगातल्या एकेका प्रदेशातल्या खेळाडूंना नकाशावरचा एकेक देश वाटून दिला होता, ती 2008 पर्यंत चालली. 2024 च्या डंजन मास्टर्स गाइडने काटा पुन्हा 576 वर आणून ठेवला.

म्हणजे प्रकाशकानेच दोनदा घड्याळ पुढे नेलं आणि एकदा मागे आणलं. ‘अधिकृत’ हा शब्द या भांडणात तुमच्या काहीच कामाचा नाही.

मित्राला एक गोष्ट प्रेमाने दाखवा. गायगॅक्स यांनी कंपनी सोडल्यावर आपली कादंबरीमाला पुढे लिहिली आणि तिच्या शेवटी ओर्थ, म्हणजे ग्रेहॉकचं सगळं जगच, नष्ट करून टाकलं. ‘फक्त गायगॅक्सचं तेच खरं’ हा नियम शेवटपर्यंत पाळला, तर खेळायला जगच उरत नाही. दुसरीकडे, सार्जंटचं युद्धोत्तर लिखाण नीट वाचलं की दिसतं, त्याने जवळजवळ प्रत्येक देशाला आज संध्याकाळी वापरता येईल अशी एक अडचण दिली आहे. ते टाकून देणं म्हणजे स्वतःचंच नुकसान.

मग 576 का? कारण 576 मध्ये युद्ध व्हायचं आहे. दुष्ट इयूझने वाटुन देवाचं सोंग घेऊन उत्तरेच्या टोळ्या एकत्र करणं, टेन्ह देश पडणं, महाराज्याचे तुकडे होणं, स्टेरिचवर राक्षस उतरणं, हे सगळं 582 ते 584 मधलं. 591 पासून सुरुवात केली की या गोष्टी इतिहास होतात आणि खेळाडूंनी त्या ऐकून घ्यायच्या. 576 पासून केली की त्या धमक्या होतात आणि खेळाडू त्या रोखू शकतात, किंवा त्यात हरू शकतात. जुन्या खेळाडूंकडे असलेली माहितीही तेव्हा ओझं न राहता हत्यार होते. तुमच्या टेबलावर युद्धाचा काळ ज्यांना पाठ आहे, त्यांना 576 जास्त रंगेल, नव्यांपेक्षाही.

आता पॅलाडिन. समजा, 594 मध्ये ती 32 वर्षांची होती. म्हणजे 576 मध्ये 14 वर्षांची. गाव अजून जळालेलं नाही, विहीर आहे, आईबाप आहेत, तलवारीला तिने हात लावलेला नाही. नवं कॅम्पेन त्या गावातून सुरू करा. नवी पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, त्या गावात येते तेव्हा ही मुलगी पाणी भरत असते, पार्टीच्या घोड्यांना पाणी दाखवते, आणि टेबलावर बसलेल्या जुन्यांपैकी प्रत्येकाला ठाऊक असतं की ही कोण. गाव वाचलं, तर ही मुलगी पॅलाडिन होईलच असं नाही. नाही वाचलं, तर नऊ वर्षांपूर्वी तुम्ही खेळलात ती गोष्ट अशी सुरू झाली होती, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल. दोन्हींत तिची नऊ वर्षं पुसली जात नाहीत. जुनं कॅम्पेन हा या जगाचा एक घडलेला भविष्यकाळ आहे आणि आत्ताचा खेळ त्याच्या मुळाशी चाललाय.

पण हे तिला न विचारता करू नका. सेशनच्या आधी, एकटीला, नीट विचारा: ‘तुझी पॅलाडिन लहानपणी दाखवली तर चालेल का, आणि तिच्या गावाचं काय व्हायचं हे फाशांवर सोडलं तर चालेल का?’ ती नको म्हणाली तर दुसऱ्या कुणाचं पात्र घ्या. हा प्रसंग आश्चर्याचा धक्का म्हणून आणलात, तर ग्रुप त्याच दिवशी फुटेल.

आता तयारी. मला वाटतं, डीएम लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धमक्यांची कार्डं करा. सहा ते आठ, त्याहून जास्त नाही. वीस केलीत तर जग खेळाडूंशिवायच पळायला लागतं आणि ते बातम्या ऐकणारे होऊन बसतात. प्रत्येक कार्डावर पाच गोष्टी: कुठे, कोणत्या ऋतूत, एक ऋतू आधी दिसणारी खूण, ते कशाने थांबेल, आणि न थांबल्यास नकाशावर नेमकं काय बदलेल. शेवटची ओळ एका वाक्यात लिहिता आली नाही, तर ते कार्ड फाडा. ती धमकी अजून तुम्हालाच कळलेली नाही.

स्टेरिचचं कार्ड नमुन्यादाखल. ठिकाण: राजधानी इस्टिव्हिनच्या पलीकडचे डोंगर. खूण: टेकडीवरचे, बर्फातले आणि आगीचे राक्षस एकाच लुटीत एकत्र दिसले. एरवी ते एकमेकांचे गळे धरतात, तेव्हा कुणीतरी त्यांना बांधतंय. कशाने थांबेल: 1978 च्या राक्षसांच्या तीन साहसांचा क्रम. आधी नोस्न्राचा लाकडी वाडा, मग बर्फातला यार्ल ग्रुगनर, मग राजा स्नुरेचा दालनमहाल, आणि तिथे कळतं की मागे एक्लाव्ड्रा नावाची ड्राऊ, म्हणजे भुयारात राहणारी काळी एल्फ, आहे. न थांबल्यास: स्टेरिच पडतं, निर्वासित शेजारच्या किओलँडकडे निघतात. ही तिन्ही साहसं 2017 च्या संग्रहात पाचव्या आवृत्तीच्या नियमांत छापलेली आहेत, त्यामुळे आकडेमोड नव्याने करावी लागत नाही.

इथे अडचण येते ती पातळीची. नोस्न्राच्या वाड्यात जायला पात्रं अकराव्या पातळीच्या आसपास हवीत. पहिल्या पातळीची पार्टी त्या वाड्याच्या स्वयंपाकघरातच संपेल. दुसरी अडचण वेळेची. बहुतेक टेबलांवर खेळाच्या एका वर्षात जगातले जेमतेम दोन-तीन महिने जातात. तसं चाललं तर 584 कधी येणारच नाही आणि तुमची सगळी कार्डं पिशवीत पडून राहतील.

दोन्हींवर उतारा ग्रेहॉकच्या कॅलेंडरातच आहे. वर्ष 364 दिवसांचं: 28 दिवसांचे 12 महिने आणि मध्ये सात-सात दिवसांचे चार सण, नीडफेस्ट, ग्रोफेस्ट, रिचफेस्ट आणि ब्रूफेस्ट. एका सणापासून दुसऱ्या सणापर्यंत 91 दिवस. नियम असा ठेवा: एक साहस संपलं की थेट पुढच्या सणाला जायचं. मधल्या काळात कोण काय करत होतं, हे प्रत्येकाने दोन वाक्यांत सांगायचं. दोन सेशनना एक सण धरला तर 576 ते 584 ही आठ वर्षं म्हणजे 32 सण, 64 सेशन. एक आड एक शनिवारी खेळलात तर अडीच वर्षांत युद्ध तुमच्या दारात. दर तीन सेशनना एक पातळी दिलीत तर तिसाव्या सेशनला पार्टी अकराव्या पातळीवर पोचते, आणि त्या वेळी जगात 580 ची सुरुवात असते. म्हणजे नोस्न्राचं कार्ड 580 च्या ग्रोफेस्टला लावा. ती विहिरीवरची मुलगी तेव्हा 18 ची असेल. तिला लढायला शिकवायची की घोड्यावर बसवून दूर धाडायची, हे पार्टी तोवर ठरवून बसलेली असेल.

कॅलेंडरचा आणखी एक फायदा, जो जुन्यांच्याही लक्षात येत नाही. महिनेही सातने भागले जातात आणि सणही, त्यामुळे प्रत्येक महिना स्टारडे या वारालाच सुरू होतो. एका महिन्याचा एकच तक्ता बारा महिने चालतो. चंद्र दोन. मोठा ल्यूना 28 दिवसांचा, छोटा सेलीन 91 दिवसांचा. सेलीन प्रत्येक सणाच्या चौथ्या दिवशी पूर्ण असतो. ल्यूना वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत 11 तारखेला, पुढच्या तीन महिन्यांत 4 तारखेला, मग 25 ला आणि शेवटच्या तीन महिन्यांत 18 ला पूर्ण होतो. रिचफेस्टच्या चौथ्या रात्री दोन्ही चंद्र एकदम पूर्ण असतात. माणसाचे लांडगे होणारे सगळे त्या रात्री मोकाट सुटतात. वर्षातून एकदाच मिळणारी ही रात्र वाया घालवू नका. आणि हे कॅलेंडर 576 लाही तेच आहे आणि 591 लाही. टेबलावरच्या तिन्ही पक्षांना मान्य असलेली ही गोष्ट आहे, शनिवारची सुरुवात तिच्यापासूनच करा.

नकाशाचंही तसंच. 1983 च्या नकाशावर एक षटकोन म्हणजे 30 मैल. पायी दिवसाला 24 मैल धरले तर तीन षटकोनांना जवळजवळ चार दिवस लागतात. हा हिशोब मोठ्याने, सगळ्यांसमोर करा. ‘गावाला मदत पोचायला चार दिवस आहेत’ हे वाक्य राक्षसांच्या कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त घाबरवतं.

रॅरी या जादूगाराचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पहिल्याच महिन्यात विचाराल. 584 ला ग्रेहॉक शहरात तहावर सह्या व्हायच्या दिवशी रॅरीने दगा दिला, सोबतचे जादूगार टेन्सर आणि ओटिल्यूक यांना मारलं आणि वाळवंटात पळाला, हे तुमच्या जुन्या खेळाडूंना तोंडपाठ आहे. 576 मध्ये रॅरी भेटला की कुणीतरी त्याच्या पाठीत सुरा खुपसायला निघणार. ‘तुमच्या पात्राला हे माहीत नाही’ असं दटावून उपयोग होत नाही, खेळणाऱ्याचा हिरमोड तेवढा होतो. त्यापेक्षा कॅम्पेन सुरू करायच्या आधी मॉर्डेनकायनेनच्या आठ जादूगारांच्या मंडळातली बिग्बी, ड्रॉमिज, निस्टुल, ओटिल्यूक, ओटो, रॅरी आणि टेन्सर ही सात नावं लिहा. आठवं बकनार्ड ठेवा किंवा जलार्झी. जुन्या हिशोबाने 576 ला बकनार्डच होता, जलार्झी नंतर आली. सगळ्यांसमोर सांगा की या जगात दगाबाज आठांपैकी कुणीही असू शकतो. मग एकट्याने आठ बाजूंचा फासा टाका, नाव चिठ्ठीवर लिहा आणि पाकीट बंद करून टेबलावरच्या डब्यात ठेवा. जुन्यांना आता जगाची माहिती आहे, पण उत्तर नाही. नव्या-जुन्यांतलं अंतर एका फाशात निम्मं होतं.

या आठांना आणि त्यांच्या म्होरक्याला मात्र खेळाडूंची कामं करू देऊ नका. मॉर्डेनकायनेन मदतीला आला की पार्टी प्रेक्षक होते. ते पत्र पाठवतात, उशिरा पोचतात, किंवा चुकीच्या बाजूला असतात.

नव्या खेळाडूंना ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनसारखी माणसं) किंवा टीफलिंग (सैतानी रक्ताची माणसं) खेळायचे असतील आणि मित्र कपाळाला आठ्या घालेल. नियम एकच ठेवा: नकाशावर बोट ठेवून ‘मी इथला’ सांगता आलं पाहिजे. टीफलिंगला तर जागा आयतीच आहे. महाराज्यात राजा इव्हिडचं नेलॅक्स घराणं सैतानी शक्तींशी व्यवहार करत आलंय, त्या दरबारातून पळालेलं मूल यापेक्षा चांगली सुरुवात कुठली? ड्रॅगनबॉर्नसाठी पश्चिमेकडून आलेली भाडोत्री सैनिकांची एकच तुकडी ठेवा, चाळीसेक जणांची. अख्खं राष्ट्र आणू नका, नाहीतर मित्राची तक्रार रास्त ठरेल.

र्‍हेनींबद्दल दोन ओळी. नदीवर होड्यांवर राहणाऱ्या या लोकांना जुन्या पुस्तकांनी सरसकट चोर ठरवलंय आणि ते वर्णन खऱ्या जगातल्या भटक्या समाजांवरच्या जुन्या आकसातून उचललेलं आहे. ते तसंच टेबलावर आणू नका. नायर डिव्ह सरोवर आणि सेलिंटन नदीवरची मालवाहतूक त्यांच्या हातात द्या. सरोवराखाली काय आहे ते फक्त त्यांना माहीत आहे, आणि ते सांगायचे ते पैसे घेतात. तुम्हाला व्यक्ती मिळतात, खेळाडूंना गरज निर्माण होते.

भवितव्याचं विचारलंत. नव्या पुस्तकात एकेका देशाला मोजक्याच ओळी दिल्यात म्हणून जुने चाहते हळहळतात. पण 1980 च्या त्या 32 पानांत तरी किती होतं? हे जग पहिल्यापासून अर्धं रिकामं ठेवलेलं आहे, डीएमने भरावं म्हणून. मला 2024 चा निर्णय योग्य वाटतो. युद्धाच्या आधी थांबलेलं घड्याळ पुढच्या पिढीच्या हातात जसंच्या तसं आलं. जुनी बहुतेक पुस्तकं पीडीएफ स्वरूपात रीतसर विकत मिळतात, त्यामुळे ज्याला 585 हवं त्याचं काही हिरावलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी ही कालरेषा पुस्तक करून विकायच्या विचारात असेल तर आधीच थांबवा. 27 जानेवारी 2023 ला पाचव्या आवृत्तीचा नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला, तो नियमांचा. जग त्यात नाही. त्या संचात बिग्बीचा हात हा मंत्रही बिग्बीच्या नावाशिवायच दिलेला आहे, हे बघितलं की सीमा कुठे आहे ते कळतं. टेबलापुरतं वापरायला कुणाची आडकाठी नाही. नावं घेऊन विकायला हक्कधारकाची परवानगी लागते.

आता शनिवार. त्या दिवशी साहस खेळू नका, दोन तास फक्त ठरवायचे. एक कागद मध्ये ठेवा आणि त्यावर पाच ओळी लिहा. साल आणि दिवस: 1 फ्लॉकटाइम (वर्षाचा पाचवा महिना), 576. जागा: स्टेरिच. 576 पर्यंतचं छापील धरलं, त्यानंतरचं सगळं फक्त शक्यता. दगाबाज पाकिटात. आणि पाचवी ओळ, जी बहुतेक ग्रुप विसरतात: सेशन चालू असताना जगाच्या इतिहासावरचा वाद डीएम एका वाक्यात मिटवेल, हवी ती चर्चा संपल्यावर पंधरा मिनिटं. सातही जणांनी सही करायची. मित्राला एक काम द्या: 1983 च्या पेटीतून स्टेरिचबद्दल जे आहे ते त्याने अर्ध्या पानात लिहून आणायचं. त्याचं प्रेम त्याच मजकुरावर आहे, ते कामाला लागू दे. मैत्रिणीला गावाचा नकाशा काढू द्या. नव्या दोघांनी प्रत्येकी एक अफवा सांगायची. ती खरी की खोटी, हे नंतर तुम्ही ठरवायचं.

एखादा तरीही सही करायला तयार नसेल, तर त्याला ओढू नका. तीन सेशन येऊन बघ, मग ठरव, एवढंच म्हणा आणि त्याची खुर्ची ठेवा.

त्याच्या पुढच्या शनिवारी सुरुवात. दिवस स्टारडे, ल्यूना पूर्ण व्हायला तीन रात्री बाकी. विहिरीवर एक 14 वर्षांची मुलगी, आणि तिच्या मागे डोंगराच्या अंगाला धुराची एकच रेघ.